गुळव्याची बंडी

बारामतीच्या दवाखान्यात दुपारी दोन ते चार कुणी आजारी पडत नाही, असं आमचे डॉक्टर म्हणायचे. त्या वेळात गावच पेंगत असे. दौंडहून येणारी छोटी गाडी धापा टाकत येऊन गेलेली असे, पेठेतल्या दुकानांवर गोणपाटाचे पडदे सुटलेले असत, आणि थंडीचे दिवस असले तर कालव्याच्या बाजूने उकळत्या उसाच्या रसाचा वास हळूहळू गावात शिरे. आधी तो लिंबाखाली थांबे, मग बायकांच्या दाराचा पडदा हलवी, मग माझ्या टेबलाशी येऊन बसे. मला तेव्हा जागेपणीच झोप लागायची. आज इतक्या वर्षांनी आठवायला बसले की आधी तो वास येतो आणि माणसं त्याच्या मागून येतात, वाफेतून चालत आल्यासारखी.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी इंदापूरकडची. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा तापाने गेला, आणि वडिलांनी मला पुण्याला नर्सिंग शिकायला धाडलं. त्यावरून भावकी वर्षभर आमच्या दारात पाय ठेवत नव्हती. वडील म्हणाले, बरं झालं, चहाची पत्ती वाचली. माझं फटकळ तोंड त्यांच्याकडूनच आलेलं आहे. शिकून मी बारामतीच्या दवाखान्यात बायकांच्या बाजूला लागले आणि सगळा गाव मला नुसतं ‘बाई’ म्हणू लागला.

दवाखान्याला दोन दारं होती. पुढचं पुरुषांचं, तिथे कंपाउंडर बसे. बाजूचं, लिंबाखालचं, बायकांचं, तिथे मी. बायकांचे कागद मी लिहायची आणि संध्याकाळी गठ्ठा डॉक्टरांपुढे ठेवायची. ते न वाचता सह्या करत. “तुमच्या बाजूला मी डोकावत नाही, बाई,” असं ते अभिमानाने म्हणत. मलाही त्याचा अभिमान होता. पुढे जे झालं त्यात या अभिमानाचा वाटा मोठा होता, म्हणून आधीच सांगून ठेवते.

दुपारच्या त्या पेंगत्या वेळात डॉक्टर आम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. एकदा त्यांनी एक बातमी वाचली. युरोपातल्या कुठल्याशा देशात धावण्याच्या शर्यती जिंकणारी एक बाई होती. तिने जाहीर केलं की मी पुरुष आहे, आणि डॉक्टरांनी तिच्यावर शस्त्रक्रिया करून तिला पुरुष म्हणून मोकळं केलं. कंपाउंडर म्हणाला, “आता आमच्या मंडळींना धाडतो तिकडं, निदान माझं धोतर तरी धुतील, स्वतःचं म्हणून.” मी हसले. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले.

डॉक्टर हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “यात हसण्यासारखं काही नाही. जर्मनीत अशा माणसांसाठी एक मोठी संस्थाच होती. तिथले डॉक्टर त्यांचं ऐकून घेत, लिहून ठेवत, शस्त्रक्रियाही करत. चारदोन वर्षांपूर्वी नवं सरकार आलं आणि त्यांची सगळी पुस्तकं भर चौकात नेऊन जाळली.” मग चष्मा चढवून म्हणाले, “आपल्याकडे अशी माणसं नाहीत असं थोडंच आहे? आपल्याकडे कुणी लिहून ठेवत नाही एवढंच.” ते कंपाउंडरला चहा आणायला सांगून आत गेले. मी ती बातमी कात्रीने कापून टेबलाच्या खणात ठेवली. का ठेवली, ते मला त्या दिवशी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आणि त्याच थंडीत आबा आले.

आबांना मी लहानपणापासून ओळखत होते. ते गुळव्या होते. उसाचा रस काहिलीत उकळून गुळाला आला की नाही हे ज्याला कळतं तो गुळव्या. कालव्याच्या काठाने दहावीस गुऱ्हाळं चालत, पण आबांसारखा हात कुणाचा नव्हता. पाण्यात बुडवलेल्या बोटांनी ते उकळत्या पाकातला चिमूटभर पाक उचलत, थंड पाण्यात टाकत, त्याची गोळी भांड्याच्या काठावर मारून आवाज ऐकत आणि “उतरवा” म्हणत. त्यांनी उतरवा म्हटल्यावर मालकसुद्धा मध्ये बोलत नसे. आमच्या गुऱ्हाळावर ते येत तेव्हा मी सातआठ वर्षांची. ते मला उसाच्या पात्यावर काकवी द्यायचे आणि म्हणायचे, “फुक आदी, मग खा.” काहिलीच्या वाफेत त्यांचा चेहरा दिसायचा आणि नाहीसा व्हायचा.

काहिलीपाशी इतकं तापतं की तिथले सगळे बापे कमरेच्या वर उघडे असत. जळण घालणारा जळव्या तर काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशीच बसलेला, त्याचं अंग घामाने चकाकायचं. एकटे आबा तेवढे जाड मांजरपाटाची घट्ट बंडी घालून उभे असत. लोकांनी त्याची गोष्ट करून ठेवली होती. आबांचा खंडोबाला नवस आहे, अंग उघडं टाकायचं नाही आणि लग्न करायचं नाही. त्यांना मिशा नव्हत्या, तर लोक म्हणत, जल्माची वाफ घेतली, वाफेनं मिशा खाल्ल्या. गुळाचा हात चांगला असला की लोक बाकीचं देवावर सोडून देतात.

तर ते आबा बाजाराच्या दिवशी दुपारी लिंबाखालच्या दारात येऊन उभे राहिले. डोक्याला फेटा, हातात गुळाची लहान ढेप. मी म्हटलं, “आबा, पुरुषांचं दार पुढे आहे.”

“ठाव हाय,” ते म्हणाले. “बाई, येक इचारायचं हुतं. भावाच्या लेकीला छातीत गाठ आलीया. वाटाण्यायेवढी हुती, आता सुपारीयेवढी झालीया. कायतरी औशद द्या.”

“असं न बघता कसं देऊ? तिला घेऊन या.”

“ती याची न्हाय.”

“मग मी येते.”

त्यांनी मागे वळून लिंबाखाली कुणी नाही ना ते पाहिलं. मग आत आले, ढेप टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “दार लावा बाई. भावाला लेक न्हाय. गाठ माजीच हाय.”

त्यांनी बंडी काढली. आत जुन्या धोतराची पट्टी करकचून गुंडाळलेली होती, तिचे वळ अंगावर उठून काळे पडले होते. पट्टी सोडल्यावर मला कळलं. माझं तोंड बंद झालेलं फार थोड्या माणसांनी पाहिलं आहे, आबा त्यातले एक. उजवीकडे गाठ होती, कठीण, आणि बोटाने सरकवली तर सरकत नव्हती. अशी गाठ मी पुण्यात पाहिली होती आणि अशा गाठीच्या बायका परत आलेल्या पाहिल्या नव्हत्या.

मी हात धुवेपर्यंत त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांची मेंढरं डाळजकडच्या माळावर होती. दुष्काळाच्या एका साली थोरला भाऊ गेला. “त्याचं धोतर माज्या अंगावर आलं,” आबा म्हणाले. “बानं मला मेंढरामागं धाडलं. तवा पयल्यांदा वाटलं, हे माजं हाय. मग बा गेला, मेंढरं इकली, मी कालव्याला आलो. कुणी इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. सोंग घेतल्यालं न्हाय बाई. मी हुतोच असा.”

मग त्यांनी मला त्यांचं स्वप्न सांगितलं. गुऱ्हाळ सुटल्यावर सगळे बापे कालव्यात उतरतात, अंगावरची मळी धुतात, एकमेकांवर पाणी उडवतात. आबा कधी उतरत नसत. ते काठावर बसून सगळ्यांचे कपडे राखत. “सपनात मी उतारतो,” ते म्हणाले. “बंडी काठावर असती. ऊन असतं. पाणी छातीला लागतं आन् मला कुणी बघत बी न्हाय. नुसतं पाणी लागतं बगा. मग जाग येती.”

मला काय सुचलं कोण जाणे, मी खणातून ते कात्रण काढलं आणि त्यांना वाचून दाखवलं. ते शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं आता सुरी, डॉक्टर, परदेश याबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, “त्याला पुन्ना पळू दिलं का?”

बातमीत ते लिहिलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

“ते लिवाय पायजे हुतं,” आबा म्हणाले. आणि जरा वेळाने, “म्हंजी आपल्यावानी माणसं तितं बी हायती.” त्या ‘आपल्यावानी’मध्ये त्यांनी मलाही घेतलं होतं की काय, हे मी अनेक वर्षं स्वतःला विचारलं आहे. त्याच कात्रणावर मी पंधरा दिवसांपूर्वी पोट धरून हसले होते, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

मी सांगितलं की पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि लवकर. नाही केली तर गाठ जीव घेईल. ते घाबरले नाहीत. उलट चेहऱ्यावर असं काही आलं की मला दुसरीकडे बघावं लागलं. ज्या शस्त्रक्रियेचं नाव काढताच बायका माझ्या टेबलाशी ऊर बडवून घेत, ती या माणसाने जन्मभर मागितली असती, मागायची कुठे हे ठाऊक असतं तर. ते म्हणाले, “काडायचं तर दोनी काडा. आन् मला बाप्यांच्यात निजवा. बायकांच्यात निजलो ही बातमी कालव्याला आली तर माज्या हातचा गूळ कुणी देवापुडं ठेवायचा न्हाय. मालक बुडतील, मी बी. तसं हुणार आसंल तर मी हितंच मरतो.”

मी म्हटलं, “सगळं माझ्यावर सोडा.” आयुष्यात मी हे वाक्य जिथे जिथे म्हटलं आहे तिथे तिथे माती झाली आहे.

कारण मी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं ऐकलं नाही. मला वाटलं, आधी जीव वाचू दे, मग बाकीचं. शिवाय छातीतली गाठ म्हणजे बायकांचा आजार, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की पुरुषाच्या नावाने कागद केला तर पुण्याचे लोक फेकून देतील असं मला वाटलं. मी नेहमीसारखा कागद लिहिला. स्त्री, वय अंदाजे चाळीस, उजव्या स्तनात गाठ. एक बायकी नाव मनानेच घातलं. गठ्ठ्यात डॉक्टरांची सही होऊन आली. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक, पण मला दयेचा उमाळा आला. मी माझं एक लुगडं आणि चोळी गाठोड्यात बांधली आणि स्टेशनवर आबांच्या हातात दिली. त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, “दौंडला मोठ्या गाडीत बसायच्या आधी हे नेसा. पुण्यात तुम्हाला कोण ओळखतंय? महिन्याभराची गोष्ट. परत येताना पुन्हा फेटा बांधा.”

गुऱ्हाळातली पाचदहा माणसं त्यांना पोचवायला आली होती. आबा पुण्याला पोटाच्या दुखण्यावर जातात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. जळव्या तात्या, जे वीस वर्षं आबांच्या पायाशी चुलवाणात जळण घालत होते, ते आबांची वळकटी घेऊन उभे होते. आबांनी गाठोडं हाताने दाबून पाहिलं. कापडवाल्याला कापड हाताला कळतं तसं त्यांना कळलं असावं. गाडी हलली. मला त्या दिवशी फार पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

चौथ्या दिवशी तात्या लिंबाखाली आले आणि गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं. गाठ मी मारलेली तशीच होती.

“दौंडाला दिसभर आबा फलाटावर बसलं,” तात्या म्हणाले. “तीन गाड्या सोडल्या. मग चालत आलं माघारी. म्हणलं, बाईंचं लुगडं बाईंस्नी देऊन ये.”

“तात्या, पण दुखणं...”

“दुखणं ठाव हाय मला,” तात्या म्हणाले. “समदंच ठाव हाय. वीस वरसं चुलवाणात बसलोय बाई, वरचं दिसत न्हाय असं व्हय? पर मी कवा बोललो न्हाय, आन् त्यांनी बी कवा सांगितलं न्हाय. तुमास्नी सांगितलं. तर तुमी लुगडं दिलंसा.”

ते गेले. मी ते गाठोडं घेऊन बसून राहिले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यावारी न्यायची माझी सवय, पण तेव्हा हसू आलं नाही. मला स्वतःची लाज वाटली. अशी लाज मला नवरा मेल्यावर लोकांनी पांढऱ्या पायाची म्हटलं तेव्हाही वाटली नव्हती, कारण तेव्हा चूक त्यांची होती.

मी निरोप धाडले. उत्तर आलं नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि आबांचं तोंड मी पोळलं होतं. उन्हाळा आला, गुऱ्हाळं बंद झाली, पावसाळा गेला. मी कागद लिहीत होते, बाळंतपणं करत होते आणि तो सुपारीएवढा कठीणपणा माझ्या बोटाच्या टोकाला तसाच होता. पुढच्या कार्तिकात पुन्हा तो वास गावात शिरला तेव्हा मला झोप आली नाही. मी उठून डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं, आबांचं आणि माझंही.

डॉक्टर पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. “पुरुषाला छातीत गाठ होत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं? क्वचित होते, पण होते. पुण्याचा कुठलाही सर्जन ती पुरुषांच्या वॉर्डात काढेल. एक शब्द बदलायचा होता, बाई!” मग खाली बसले आणि मऊ आवाजात म्हणाले, “चूक माझीही आहे. मी न वाचता सही केली. तुमच्या बाजूला डोकावत नाही म्हणून मिरवत होतो.”

त्यांनी स्वतः कागद लिहिला. पुरुष, गुळव्या, उजव्या छातीत गाठ. आणि पुण्याच्या सर्जनला, जे त्यांचे जुने सोबती होते, एक वेगळं पत्र. त्यात काय होतं ते त्यांनी मला वाचून दाखवलं, मुद्दाम. सगळी हकीकत होती आणि शेवटी असं होतं की रुग्णाची इच्छा दोन्ही बाजू काढण्याची आहे, तो शुद्धीवर असलेला, स्वतःचं हित जाणणारा माणूस आहे, तेव्हा त्याला विचारून काय ते ठरवावं.

मी तो कागद घेऊन गुऱ्हाळावर गेले. दुपार होती. वाफ जमिनीवर उतरली होती आणि तिच्यात बैल गोल फिरत होते, पाय दिसत नव्हते, नुसती पाठ आणि शिंगं तरंगत होती. आबा काहिलीपाशी बंडी घालून उभे होते. किती वाळले होते! उजवा हात जपून हलवत होते. मला पाहिलं आणि पुन्हा काहिलीत बघू लागले. पाक उतरेपर्यंत मी उसाच्या चिपाडांवर बसून राहिले. शेवटी त्यांनी पात्यावर काकवी घेतली आणि माझ्यापुढे धरली.

“फुका आदी,” म्हणाले.

मी म्हटलं, “आबा, मी चुकले. तुम्ही सांगितलेलं मी ऐकलं नाही.” आणि कागद पुढे केला.

त्यांना वाचता येत नव्हतं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा असं मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. त्यांनी तो कागद तात्यांकडे दिला. तात्यांना शाळेतली दोन वर्षांची अक्षरओळख होती. त्यांनी हाताची राख धोतराला पुसली, कागद चुलवाणाच्या उजेडात धरला आणि बोट ठेवून वाचू लागले. पु. रु. ष. पुढचं त्यांनी वाचलंच नाही. कागदाची घडी घातली, आबांच्या हातात दिली आणि परत जळण घालायला बसले.

आबांनी कागद फेट्यात खोवला. “लुगडं न्हाय न्हवं आनलं ह्या येळंला?” त्यांनी विचारलं. ते चेष्टा करत होते हे कळायला मला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर मला रडू आलं.

या वेळी तात्या बरोबर गेले. पुरुषांच्या वॉर्डात खाट मिळाली. महिन्याने सर्जनांचं पत्र आलं. डॉक्टरांनी ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. दोन्ही बाजू काढल्या, रुग्णाने स्वतः मागितलं आणि मला नाही म्हणण्याचं कारण दिसलं नाही, असं लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती. गाठ काखेपर्यंत गेली होती, आधी आला असता तर बरं झालं असतं. ही ओळ डॉक्टरांनी मोठ्याने वाचली नाही. मी वाचली.

त्यानंतरच्या मोसमात मी सर्व्हिस मोटारीने इंदापूरला माहेरी निघाले होते. वाटेत मोटार तापली आणि ड्रायव्हर डबा घेऊन कालव्यावर पाणी आणायला गेला. मी खाली उतरले. उन्हं तिरपी झाली होती, गुऱ्हाळ नुकतंच सुटलं असावं. कालव्यात दहाबारा माणसं अंग धूत होती, ओरडत होती, एकमेकांवर पाणी उडवत होती. विधवेने न्हाणाऱ्या बाप्यांकडे टक लावून बघू नये, हे मला चांगलं ठाऊक होतं. बघितलं. काठावर कपड्यांचा ढीग होता आणि तो राखायला कुणी बसलं नव्हतं. मी आबांना शोधत होते. सगळी अंगं सारखीच ओली, सारखीच काळी, उन्हात सारखीच चमकत होती. मला त्यातले आबा ओळखू येईनात. पुन्हा पुन्हा बघितलं, तरी नाही. मला वाटलं मी हे बघत नाहीये, त्यांच्या स्वप्नात जाऊन उभी आहे. मग त्यातल्या एकाने हात वर केला, डावा, आणि तो मलाच होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी हसत होते आणि पदर तोंडात धरून रडत होते, आणि मोटारीतल्या लोकांना वाटलं या बाईला ऊन लागलं.

तो मोसम त्यांनी पुरा केला. पुढचा अर्धा. मग दुखणं हाडात उतरलं. मी जाऊन येऊन होते, औषधाने झोप लागायची एवढंच. चैत्राच्या सुमाराला एका दुपारी, ती दोन ते चारची वेळ, तात्या लिंबाखालच्या दारात येऊन उभे राहिले. हातात गुळाची ढेप होती. मला कळलं.

“काल गेलं,” तात्या म्हणाले. “शेवटची ढेप हाय त्यांच्या हातची. तुमास्नी द्या म्हणालं हुतं.”

मी त्यांना पाणी दिलं. ते उंबऱ्यावर बसले. पाणी पिऊन म्हणाले, “पुण्यावनं आल्यावर पयल्या दिशी काय केलं ठाव हाय? काईल चडवली आन् बंडी काडून माज्या हातात दिली. म्हणलं, घाल आत. मी घातली. लई दिस घाम प्यालेली, लवकर पेटंना. समदे बगत हुते. येक पोरगं म्हणलं, आबा, नवस फिटला काय? तर म्हणलं, फिटला.”

मला एकच विचारायचं होतं. शेवटी विचारलं. “तात्या, मी ते वर्ष घालवलं नसतं तर...”

“तर आनकी जगलं असतं,” तात्या म्हणाले. त्यांनी मला खोटं सांगितलं नाही आणि त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. “रागावलं बी हुतं तुमच्यावर. पर म्हणायचं, बाई चुकली, पर माघारी आली. माघारी कोण येतं?”

मग ते उठले. जाताना दारात थांबून त्यांनी सांगितलं, मी न विचारताच. “अंगोळ आमीच घातली. अंगणात, उघड्यावर, समद्या बाप्यांच्या म्होरं. लंगोट तेवढा ठिवला, समद्यांचाच ठेवत्यात. दडवायचं काय हुतं?”

लिंबाखालून ते चालत गेले. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ते गाठोडं अजून तसंच होतं. ते लुगडं मी पुढे कधी नेसले नाही.